जपानच्या गावांतून एकट्याने सायकल: आपापले अनुभव लिहा

वळचण:
आज मंडईत एका टोपलीत मोठी पिवळीजर्द लिंबं दिसली. हल्ली ते परदेशी वाणाचं लिंबू येतं ना, तसलं. भाजीवालीनं नखानं साल खरवडून हुंगायला दिलं आणि मी थेट सेतोदाला पोचले. फेब्रुवारी २०१९.

तेव्हा आम्ही हिरोशिमात होतो, लेक पाच वर्षांची. नवरा म्हणाला, दोन दिवस मी बघतो घरचं, तू जाऊन ये. लग्नानंतर एकटीनं केलेला पहिला प्रवास. ओनोमिचीला सायकल भाड्यानं घेतली, होडीनं पलीकडे मुकाइशिमाला उतरले. तिथून इमाबारीपर्यंत शिमानामीचा सायकलमार्ग, सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर. मधे सहा बेटं, पुलांनी जोडलेली. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, ती धरून जायचं. पुलावर चढायला सायकलींची वेगळी वाट, झाडीतून वळसे घेत हलकेच वर नेते. इन्नोशिमाच्या पुलावर तर सायकली गाड्यांच्या खालच्या मजल्यावरून जातात. डोक्यावर ट्रकची घरघर आणि खाली समुद्र.

सेतोदा हे त्यातल्याच एका बेटावरचं, लिंबांचं गाव. एका घराबाहेर फळीवर लिंबांच्या पिशव्या, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. शंभर येनचं नाणं टाकलं, पिशवी हँडलला अडकवली. दुसऱ्या दिवशी तातारा पुलाच्या उंच खांबाखाली थांबले. तिथे लाकडी पट्ट्या ठेवलेल्या असतात. एकमेकींवर आपटल्या की आवाज खांबातून वर वर चढत जातो, ड्रॅगनचा हुंकार म्हणतात त्याला. मी दहा-बारा वेळा वाजवल्या. 'चल, उशीर होतोय' म्हणणारं कुणी नव्हतं.

तुम्ही कुणी गेलाय असं एकट्यानं? लिहा ना.

पाणकोंबडा:
कासुमिगाउरा!! आम्ही टोकियोतले निशिकासाईकर, आमच्यासाठी हेच तळं जवळचं. जोबान लाइननं त्सुचिउरा, तिथून तळ्याकाठी. पूर्ण फेरी शंभरावर किमीची आहे, मी चाळीसेकच केली. सपाट रस्ता, लांबवर त्सुकुबाचा डोंगर. पण मी अडकलो कमळाच्या शेतात. कमळकाकडी काढत होते. माणूस छातीभर पाण्यात उभा, हातात पाण्याचा पाइप, जोराच्या धारेनं तळाचा चिखल सुटा करायचा आणि काकडी अलगद वर. अर्धा तास बघत बसलो. निघताना त्यांनी मान लववली, मीही. एवढंच बोलणं झालं आमचं, पण दिवसभर बरं वाटत होतं.
बाकी नंतर लिहितो, स्टेशन आलं.

लाह्या:
ताई शाकाहारी का तुम्ही? खाल्लंत काय दोन दिवस??

वळचण:
हो गं. भाताचे मुटके, आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. पण पाकीट नीट वाचून घ्यायचं, माशाचा अर्क कशातही असतो. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची डबी होती. पुलाच्या कठड्याशी बसून भात आणि ती चटणी. अजून चव आठवते.

तिरफळ:
मी जपानला गेले नाही कधी, पण सगळं वाचतेय. तिकडे भाताची लावणी कधी असते? आमच्याकडे मालवणात मृगानंतर. बाबा सायकलवरून तरव्याच्या जुड्या न्यायचे, मागे मी. घसरले होते एकदा चिखलात, त्यांनी आधी तरवा उचलला होता 😄

पाणकोंबडा:
@तिरफळ मे-जूनमध्ये, बहुतेक यंत्रानं. तेव्हा खाचरं पाण्यानं भरलेली, संध्याकाळी बेडकांचा आवाज अगदी आपल्याकडचाच.

दोन चाकं:
सायकल स्वतःची असेल तर ट्रेनमध्ये पिशवीत घालूनच न्यावी लागते, हे विसरू नका. रिनको म्हणतात. मी क्योतोला असताना घरी चार वेळा चाक काढायचा सराव केला होता, तरी फलाटावर हात थरथरले.
बिवा तळ्याची फेरी केली, दोनेकशे किमी, दोन दिवस. घड्याळाच्या उलट दिशेनं जायचं. तिकडेही वाहनं डावीकडूनच, म्हणजे तळं कायम आपल्याच बाजूला. उत्तरेला पंक्चर. जवळची नळी आधीच वापरून झालेली, वर पाऊस. एक आजोबा छोटा टेम्पो घेऊन शेतातून आले, काही न विचारता सायकल मागे ठेवली, मला पुढे बसवलं. त्यांना इंग्रजी नाही, माझं जपानी मोडकं. दुकानापाशी उतरवलं, पैसे घेतले नाहीत, जाताना दोन संत्री हातावर ठेवली. माझे आजोबा असेच होते.

लाह्या:
😭😭

सांजवात:
आई गेल्यावर तीन महिन्यांनी मी आझुमिनोला गेले होते, नागानोत. कुणाशी बोलायचं नव्हतं. होताका स्टेशनसमोर सायकल मिळाली, पुढे बास्केट असलेली, घरोघरी असते तशी. एका बाजूला बर्फाचे डोंगर, पायाशी वासाबीच्या वाफ्यांतून वाहणारं नितळ गार पाणी. आणि वाटेवर जागोजागी दोसोजिन. दगडात कोरलेलं जोडपं, हातात हात घेतलेलं. वाटेचं आणि गावाचं राखण करतात. आपल्याकडे वेशीवरचा देव असतो तसेच. आई गावाला जाताना वेशीवर हात जोडायला लावायची, एस.टी.तूनसुद्धा. मी प्रत्येक दगडापाशी उतरले. किती ते मोजलं नाही. एकापाशी बसून खूप रडले. रस्त्यानं एक बाई गेल्या, थांबल्या नाहीत, पण परतताना माझ्या बास्केटमध्ये एक सफरचंद होतं.

तिरफळ:
सांजवात, 🙏 जवळ घेते तुला.

दोन चाकं:
ताई, काय लिहिलंत. आता दोसोजिन बघायला जाणार.

माझंघर:
हेल्मेट घालता ना सगळे? एप्रिल २०२३ पासून तिथे सगळ्याच सायकलस्वारांनी घालावं असा नियम झालाय. दंड नसला तरी घाला.
आणि चढण किती आहे हो शिमानामीला? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं, पण हे वाचून जावंसं वाटतंय.

वळचण:
काकू, विजेवर चालणारी सायकल भाड्यानं मिळते. आधी डॉक्टरांना विचारा. आणि सगळं एका दमात करायची गरज नाही. सायकल मधल्या बेटावरच्या केंद्रात परत करता येते, पण कुठली कुठे चालते ते घेतानाच विचारून घ्या.

लाह्या:
त्या लिंबांचं लोणचं होतं का पण? मंडईतल्या?

वळचण:
साल जाड आहे, मुरायला वेळ लागेल. आणलीत चार. मीठ लावून बरणी भरलीये, लेकीनं झाकण लावलं.