'अल्टर्ड डॉमिनंट'ला 'विकृत' म्हणायचं का?

टिपणकार:
कोल्हापुरातल्या पियानोच्या वर्गासाठी मराठीत टिपण करतोय. विद्यार्थी बहुतेक पेटीवरून आलेले, म्हणून 'अल्टर्ड डॉमिनंट कॉर्ड'ला (स्केलच्या पाचव्या स्वरावर उभा, एकत्र दाबायचा स्वरसमूह, ज्यातले काही स्वर अर्ध्याने चढवलेले-उतरवलेले असतात) 'विकृत पंचम-संघात' लिहिलं. तपासणाऱ्याने 'विकृत'वर काट मारली. म्हणे बातम्यांत हा शब्द कशासाठी येतो ते बघा. दुसरा काही सुचतोय?

कोमलतीव्र:
काट चुकीची आहे. वि + कृ, मूळ रूपापासून बदललेलं, एवढाच अर्थ. प्रकृती-विकृती ही जुनी जोडी. देवल क्लबसारखी संगीतसंस्था असलेल्या गावात शुद्ध स्वर, विकृत (म्हणजे कोमल-तीव्र) स्वर हे कुणाला समजवावं लागू नये. बातम्यांनी शब्द नासवला म्हणून संगीताने का सोडायचा?

पांढरीपाच:
बातम्या राहू द्या, अर्थच जुळत नाही. पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, जी, 'सा' धरा. साध्या जी सेव्हन्थमधली (जी, बी, डी, एफ) पांढरी चार हा झाला कोमल निषाद, म्हणजे आपल्या हिशेबाने ती कॉर्ड आधीच विकृत. जॅझवाले तिला साधीच म्हणतात, बदल मोजतात तो नवव्या आणि पाचव्या स्वरात. शिवाय आपल्याकडे पंचम अचल. इथे नेमका तोच काढून त्याच्या शेजारच्या पट्ट्या घेतात.

शब्दवेडी:
'पंचम'ऐवजी 'वादी', म्हणजे रागातला मुख्य स्वर, कसा वाटतो?

कोमलतीव्र:
नको. वादी रागागणिक बदलतो, भूपात गंधार तर भैरवात धैवत. डॉमिनंट कायम पाचवाच.

पांढरीपाच:
शब्द काहीही ठेवा, पण पेटीवाल्याला पट्ट्यांची नावं द्या. पांढरी एकच्या (सीच्या) स्केलमध्ये हे फार सोपं आहे: जी सेव्हन्थचे चारही बदललेले स्वर (उतरलेला-चढलेला नववा, उतरलेला-चढलेला पाचवा) काळ्यांवर येतात. काळी चार, काळी पाच, काळी एक, काळी दोन. फक्त काळी तीन वर्ज्य.
डावा हात, मधल्या पांढरी एकच्या खालच्या पांढरी चारपासून वर:
डी मायनर: पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन.
जी अल्टर्ड: पांढरी चार, काळी चार, पांढरी सात, काळी दोन.
सी मेजर: पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी दोन.
प्रत्येक बोट एकतर जागेवर राहतं, नाहीतर अर्धा स्वर उतरतं. मूळ स्वर मुद्दाम गाळलाय, तो बेसवाल्याचा. एकटे वाजवत असाल तर पांढरी पाच खाली आधी टेकवून मग वर या. मेट्रोनोम 60, पहिल्या दोन कॉर्डना दोन-दोन मात्रा, शेवटच्या कॉर्डला चार.

रंकाळाकाठ:
हमखास होणारी चूक म्हणजे सवयीने पांढरी दोनही दाबली जाते. ती काळी दोनला घासते आणि कॉर्ड चुकल्यासारखी वाटते. दुसरी चूक, काळी पाच ही पांढरी सातच्या लगेच खाली ठेवणं. ती वर न्या, खरखर जाते आणि तिखटपणा राहतो.
मग हाच तीन कॉर्डचा क्रम, काळ्या-पांढऱ्या मिळून दोन-दोन पट्ट्या खालच्या स्केलमध्ये उतरवत न्या: पांढरी एक, काळी पाच, काळी चार, काळी तीन, पांढरी तीन, पांढरी दोन. उरलेल्या सहा काळी एकपासून. आवाज फार खाली जाऊन गढूळ झाला की खालचे दोन स्वर उचलून वरच्या सप्तकात ठेवा.

टिपणकार:
आणि 'शार्प नाइन', म्हणजे चढवलेला नववा स्वर, वरचा ऋषभ? तीव्र ऋषभ तर आपल्याकडे नाही.

कोमलतीव्र:
निपाणीपलीकडे आहे की! कर्नाटक संगीतात षट्श्रुती ऋषभ म्हणतात. तीच पट्टी साधारण गांधाराचीही.

शब्दवेडी:
'विकृत' जड होतो आणि 'षट्श्रुती' चालतो? सरळ कोमल गंधार लिहा.

पांढरीपाच:
मग शुद्ध गंधाराचं काय? तोही त्याच कॉर्डमध्ये आहे.

शब्दवेडी:
जोग रागात आहेतच की दोन्ही गंधार.

पांढरीपाच:
जोगमध्ये ते एकामागून एक येतात. इथे एकाच वेळी दाबायचे असतात, आणि म्हणूनच एकाला ऋषभ म्हणावं लागतं.