डीमन १७०: कंपनीचे ८.९१ सेकंद आपल्यासारख्याच्या हातात किती होतील?

एडिसनचा_स्कॅटपॅकवाला
(२४ मार्च २०२३)

नमस्कार मंडळी. सोमवारी वेगासला डॉजने डीमन १७० ही ड्रॅग रेससाठीची चॅलेंजर दाखवली आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाहीये. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड हेमी व्ही८ इंजिन, ई८५ वर (बरंचसं इथेनॉल मिसळलेलं इंधन) १०२५ हॉर्सपॉवर, ० ते ६० माइल १.६६ सेकंद, पाव मैल ८.९१ सेकंदात आणि शेवटी स्पीड ताशी १५१.१७ माइल. किंमत ९६,६६६ डॉलरपासून, जास्तीत जास्त ३३०० गाड्या, संपलं.

आता माझा प्रश्न. माझ्याकडे चॅलेंजरच आहे, स्कॅट पॅक, ४८५ एचपीची. मासिकांत ही गाडी पाव मैल बारा सेकंदांच्या घरात पळते असं वाचून मी गेल्या वर्षी पहिल्यांदा पट्टीवर (ड्रॅग रेसचा सरळ ट्रॅक) गेलो. आपल्या न्यू जर्सीतली इंग्लिशटाऊनची पट्टी २०१८ लाच बंद केली त्यांनी, म्हणून पार पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला. वेळेची चिठ्ठी हातात आली तर १३.४१. मला वाटलं दुसऱ्या लेनवाल्याची चिठ्ठी दिली चुकून. परत गेलो, १३.३८. मागे उभी असलेली एक आजी (खरंच आजी, केस पांढरे, जुनी शेव्हरोले नोव्हा घेऊन आलेली) मला म्हणाली की पोरा तू निघतानाच सगळं घालवतोयस.

तर ऑफिसात आमचा एक नागपूरकर मित्र आहे, तो म्हणतो कंपनीने सर्टिफाइड आकडा दिलाय म्हणजे गाडी ८.९१ जाणारच, कोणीही बसा, पाय दाबा, झालं. मी म्हटलं अशक्य. पैज लागलीय, हरणाऱ्याने आख्ख्या ग्रुपला जेवण घालायचं. गाड्या लोकांच्या हातात येतील तेव्हा साधा माणूस, साधी शनिवारची पट्टी, किती आकडा येईल? अंदाज सांगा आणि का ते पण सांगा, नुसतं "भारी गाडी आहे भाऊ" नको.

---

मिशिगनचे_काका

पैज लावलीस ते बरं केलंस, जेवण मिळेल तुला.

आधी साधा हिशोब करू. पाव मैलाचं एक जुनं सूत्र आहे, पट्टीवरची म्हातारी मंडळी अजून वापरतात. गाडीचं वजन पाउंडात, ड्रायव्हर धरून, त्याला हॉर्सपॉवरने भागायचं, घनमूळ काढायचं आणि ५.८२५ ने गुणायचं. डीमन १७० साधारण ४२७५ पाउंड, वर तू १८० धर, म्हणजे ४४५५. भागिले १०२५ केलं की ४.३५ येतात, घनमूळ १.६३, गुणाकार ९.५१. म्हणजे कागदावरच साडेनऊ येतायत आणि कंपनी म्हणते ८.९१.

आता तू म्हणशील काका तुमचं सूत्र चुकीचं. मी पण तपासून बघितलं. २०१५ ची चॅलेंजर हेलकॅट, ७०७ एचपी, सूत्राने येतात १०.९ आणि कंपनीने ड्रॅग टायरवर दिलेला आकडा होता १०.८, म्हणजे बरोब्बर. पण २०१८ ची पहिली डीमन घे, ८४० एचपी, सूत्र म्हणतं १०.१६ आणि कंपनी म्हणाली ९.६५. म्हणजे डीमन नावाच्या दोन्ही गाड्या सूत्राच्या अर्धा सेकंद पुढे. ह्यात कोणी खोटं बोलत नाहीये. हा अर्धा सेकंद जातो कुठे तेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तो अर्धा सेकंद निघतानाच्या पहिल्या ६० फुटांत आहे. सूत्र जुन्या काळातलं, तेव्हा तीन गिअरचे ऑटोमॅटिक आणि घसरणारे टायर. डीमनमध्ये ट्रान्सब्रेक आहे, म्हणजे गाडी गिअरबॉक्सनेच जागेवर धरून ठेवायची, इंजिन वर चढवायचं, बूस्ट (सुपरचार्जरने दाबलेली हवा) तयार ठेवायचा आणि सोडायचं. मागे ३१५ चे ड्रॅग टायर, पुढे मुद्दाम बारीक. ड्रॅग मोडमध्ये सस्पेन्शन असं मऊ होतं की नाक वर जातं आणि सगळं वजन मागच्या चाकांवर बसतं. कंपनी सांगते निघताना २.००४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोर. हे २ जी कुठल्या जमिनीवर, तर चिकट रसायन मारून, वर रबराचा थर चढवून तयार केलेल्या पट्टीवर. त्यावरून चाललास तर चप्पल निघून राहते मागे.

आणि ते १.६६ सेकंद. त्यात पहिला एक फूट मोजलेला नाही, ड्रॅगची पद्धतच तशी, गाडी फूटभर हलली की घड्याळ सुरू. तरी हिशोब कर, ६० माइल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर, भागिले १.६६, म्हणजे सरासरी १.६५ जी. साध्या डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारण १ जी. सगळंच्या सगळं वजन मागच्या चाकांवर आलं असं धरलं तरी १ जी ने ६० ला पोचायला २.७ सेकंद लागतात. म्हणजे साध्या रस्त्यावर सिग्नलला उभा राहून तू १०२५ वाली घे नाहीतर ७०७ वाली, पहिले दोन-अडीच सेकंद दोन्ही सारख्याच, दोन्ही नुसता धूर काढणार.

माझा अंदाज, पहिल्यांदा बसणारा माणूस, बऱ्यापैकी तयार पट्टी, ई८५ भरलेलं: ९.७ ते १०.२. दहा-पंधरा रन मारून हात बसला की साडेनऊ. आठ दिसणार ते फार थोड्यांना.

---

कोल्हापुरी_व्हीएट

काका नाद खुळा!! चप्पल निघती म्हणजे आमच्या गुऱ्हाळात काकवी सांडल्यावर होतंय तसं म्हणा की.

मी काय अमेरिकेला गेलो नाय पण आमच्या गॅरेजला एक मस्टँग येती सर्व्हिसला, २०१६ ला भारतात आली त्यातली. तिकडं तीच ५ लिटर ४३५ एचपी आणि आपल्याकडं आली तवा ४०० च्या आसपास. मालक सगळ्यांस्नी ४३५ च सांगतोय आणि मी गप ऐकून घेतोय, गिऱ्हाईक देव असतंय. सांगायचं काय तर छापलेला आकडा एकीकडं आणि तुमच्या गावचं पेट्रोल, तुमच्या गावची हवा एकीकडं.

भावा तू चिठ्ठीवरचा शेवटचा स्पीड सांगितला नाहीस. १३.३८ ला स्पीड किती होता?

---

डेन्व्हरवाली

कोल्हापूरकरांनी हवेचा विषय काढलाच आहे तर माझं ऐका, कारण आम्ही हवेच्याच नावाने रडतो. इथली पट्टी समुद्रसपाटीपासून ५८०० फुटांवर. आमच्याकडे हेलकॅट आहे, कागदोपत्री नवऱ्याची पण पट्टीवर मी चालवते कारण तो घाबरतो (तो हे वाचतो, वाचू दे). रस्त्याच्या टायरवर माझी बेस्ट १२.०४. हीच गाडी, हाच पाय, खाली टेक्सासमध्ये दिराकडे नेली तर ११.४. मी एका रात्रीत शहाणी झाले नव्हते, हवा जाड होती फक्त. लोकांना वाटतं सुपरचार्जर आहे म्हणजे उंचीचा प्रश्न नाही, पण तो आहे तीच हवा दाबतो ना, मुळात विरळ असेल तर दाबून दाबून किती दाबणार.

दुसरं म्हणजे गरम होणं. पहिला रन मस्त जातो, मग लाइनीत वीस मिनिटं गाडी रांगत पुढे सरकवायची, बॉनेटखाली भट्टी, आणि दुसरा रन दोन दशांशाने हळू. डीमनमध्ये एसीचा गॅस वापरून इंजिनात जाणारी हवा थंड करायची सोय आहे, त्यामुळे तिला हा त्रास कमी होईल, पण ऑगस्टच्या दुपारी तीन वाजता होणारच नाही असं नाही. कंपनी जेव्हा आकडा काढते तेव्हा दिवस निवडते, पट्टी निवडते, ड्रायव्हर निवडते आणि कितीतरी रनमधला बेस्ट छापते. त्यात गैर काही नाही, आपण तरी लग्नाच्या अल्बममध्ये जेवताना घास तोंडात असलेला फोटो लावतो का.

आणि ई८५ बद्दल कोणीच कसं बोललं नाही? पंपावर ई८५ लिहिलेलं असलं तरी इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, थंडीत कमी ठेवतात कारण गाड्या स्टार्ट होत नाहीत. गाडीतला सेन्सर इथेनॉल किती आहे ते बघूनच पॉवर देतो. नुसत्या ई१० (१० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर तीच गाडी ९०० एचपी. काका तुमच्या सूत्रात ९०० टाकून बघा.

---

मिशिगनचे_काका

टाकले, ९.९३. म्हणजे इंधनाच्याच नावाने चार दशांश गेले. आणि न्यू जर्सीत ई८५ शोधत फिरावं लागतं, इकडे मक्याच्या पट्ट्यात मिळतं सगळीकडे. पट्टीवर जायच्या आधी दीड तास पंप शोधणार का रे तू?

ताईंचा अल्बमचा मुद्दा आवडला.

---

एडिसनचा_स्कॅटपॅकवाला

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. चिठ्ठी ग्लोव्ह बॉक्समधून काढली आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन. १३.३८, स्पीड १०८.२, पहिले ६० फूट २.२४ सेकंद.

खरं सांगायचं तर मला ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचा असतो तेच माहीत नव्हतं, आणि सुरुवातीला पाणी मारलेली जागा असते ना, जिथे टायर फिरवून गरम करतात, मी शहाण्यासारखा त्या पाण्यातून सरळ गाडी नेली. ओले टायर घेऊन लाइनीवर उभा. पिवळे दिवे लागले, हिरवा झाला, मी पाय दाबला आणि गाडी जागेवरच नाचायला लागली, शेजारचा माणूस तोपर्यंत अर्ध्यावर. होंडा ओडिसी होती, फॅमिली व्हॅन. मागे बेबी सीट दिसत होती.

---

कोल्हापुरी_व्हीएट

आरं ओडिसी 😂😂😂 आता तुझं नाव बदल, ओडिसीग्रस्त ठेव.

पण बघ, १०८ चा स्पीड म्हणजे गाडीत दम हाय, इंजिन ठीक हाय. निघायलाच घोळ. स्पीड इंजिनचा आणि वेळ ड्रायव्हरचा, आमचा उस्ताद म्हणायचा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या ड्रॅग रेसला बघितलंय मी, दोन गाड्यांचा शेवटचा स्पीड सारखा आणि वेळेत पाऊण सेकंदाचा फरक, एकाला सोडायचं कळलं आणि दुसऱ्याला नाय कळलं.

---

मिशिगनचे_काका

उस्ताद बरोबर. ढोबळ नियम असा की ६० फुटांत एक दशांश वाचवलास तर शेवटी साधारण दीड दशांश वाचतो. तुझे २.२४ चे १.९ झाले तर तू बाराच्या घरात आलास, गाडीला हात न लावता. आजीबाईंनी तुला फुकटात खरं तेच सांगितलं होतं.

म्हणून पैजेत अट घालून घे. डीमन १७० चे पहिले व्हिडिओ येतील तेव्हा लोक वेळ बघून बोंबलतील, "९.९ च आली, कंपनी चोर". तू शेवटचा स्पीड बघ. १४५ च्या वर असेल तर इंजिनात दिलेली पॉवर आहे, माणूस किंवा पट्टी कमी पडली. १३७-१३८ च असेल तर बहुतेक साधं पेट्रोल भरलंय किंवा पट्टी डोंगरावर आहे. थंडीच्या दिवसांत अजून एक गंमत, हवा गार आणि जाड म्हणून पॉवर मस्त, पण पट्टी गार म्हणून पकड नाही. त्यामुळे स्पीड भारी आणि वेळ रडकी अशी चिठ्ठी येते. एप्रिलमध्ये जाशील तेव्हा हेच होईल, घाबरू नकोस.

---

डेन्व्हरवाली

एक राहिलंच. समजा तुमचा नागपूरकर मित्र बसला आणि खरंच ८.९१ गेला, तर पुढे काय होईल माहितीये का? त्याला घरी पाठवतील. एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेसची संस्था) च्या नियमाने एवढ्या वेगाला रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा धातूचा पिंजरा) आणि लायसन्स लागतं आणि कंपनीतून गाडी केजशिवाय येते. डॉजवाले तर हेच मिरवतायत की आमच्या गाडीवर बंदी आहे. म्हणजे साध्या माणसाला साध्या पट्टीवर ८.९१ दुसऱ्यांदा मारायची सोयच नाही. पहिल्यांदा मारायची पण नाही, लक्षात आलं की टॉवरवाले थांबवतात.

माझा अंदाज: पहिल्या महिन्यात यूट्यूबवर ९.५ ते १०, एखादा मुरलेला ड्रायव्हर ९.१-९.२, आणि आमच्या डोंगरावर कोणी आणलीच तर दहाच्या वर. लिहून ठेवा.

---

एडिसनचा_स्कॅटपॅकवाला

ताई हा मुद्दा तर जबरदस्त, आत्ताच ग्रुपवर टाकला. नागपूरकर म्हणतो "नियम काहीही असो, गाडी तर जाते ना". मी म्हटलं कोणासाठी जाते ते ठरलं होतं पैजेत, साधा माणूस. आता तो म्हणतो साध्या माणसाची व्याख्या काय. वकील व्हायला हवा होता.

अंदाज लिहून घेतलेत: काका ९.७ ते १०.२, ताई ९.५ ते १०, मी ९.८. कोल्हापूरकर तुमचा राहिलाय.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी मी मेपल ग्रोव्हला चाललोय माझीच घेऊन. ह्या वेळी पाण्याला वळसा घालून जाणार, फक्त मागची चाकं पाण्यात घेणार, टायरचं प्रेशर किती ठेवू काका?

---

मिशिगनचे_काका

रस्त्याचेच टायर आहेत ना? मग फार कमी करू नकोस, मागे २८ ठेवून बघ, पुढे आहेत तसेच. रस्त्याच्या टायरला मोठा बर्नआउट (जागेवर चाकं फिरवणं) नको, माती झटकण्यापुरता घे, उगाच धूर काढलास तर रबर तेलकट होतं. निघताना आरपीएम १५०० च्या आसपास, पाय अलगद आणि मग पूर्ण. घरी परत निघायच्या आधी हवा परत भर.

---

कोल्हापुरी_व्हीएट

माझा ९.६ लिव्हा, आणि चिठ्ठीचा फोटो टाक भावा. शेजारी ओडिसी आली तर तिचा पण.