मदत हवी: मोरी बुजली, पाणी खळ्यात आणि ग्रामसभेत भलताच ठराव

कातळकर
१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव येतोय : 'मुंबई-गोवा महामार्गाची देखभाल संपूर्णपणे खासगी कंपनीला द्यावी.' सह्या आजच गोळा करतायत. चौपदरीकरणाच्या भरावात आमची रस्त्याखालून पाणी जायची मोरी बुजली, दोन पावसाळे पाणी घरापुढच्या खळ्यात येतंय, भाताचा कुणगा लाल मातीने भरला. कंत्राटदाराचा माणूस म्हणतो आमचं काम संपलं, ऑफिसवाले म्हणतात कंत्राटदाराला सांगा. सही करू की नको? संध्याकाळपर्यंत सांगा.

पागोळी
कुठलं गाव? निदान तालुका?

जांभाचिरा
बिनधास्त करा सही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. त्या पुलाची देखभाल सरकारीच होती ना? नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, तो बांधला कंत्राटदाराने.

वहाळापलीकडे
बांधला कंत्राटदाराने, पण पैसे सरकारचे आणि साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष तिथे. ती देखभाल नव्हे. खासगीचं उदाहरण हवं तर याच महामार्गाचा पनवेल-इंदापूर टप्पा घ्या. ८४ किलोमीटर, २०११ साली 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर दिलं. पुढे काय झालं ते वडखळला अडकलेल्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा.

जांभाचिरा
जमिनी वेळेत ताब्यात दिल्या नाहीत, त्याचं काय? दरवेळी कंपनीच्याच नावाने शिमगा.

वहाळापलीकडे
शिमगा आम्ही फाल्गुनात करतो. खड्ड्यांचा बारमाही असतो.

फास्टॅग_पीडित
टॅग काळ्या यादीत गेला असेल तर आधी केवायसी पूर्ण करा. माझं त्यामुळेच झालं होतं.

पागोळी
टॅगचं कोण विचारतंय इथे? कातळकर, गाव राहू दे. तुमचा टप्पा हॅमचा आहे की ईपीसीचा?

कातळकर
लांज्याच्या अलीकडे. हॅम, ईपीसी मला काय माहीत? मी आंब्याचा माणूस.

पागोळी
मग तेच आधी शोधा, कारण तुमच्या ठरावातलं अर्धं आधीच झालेलं असू शकतं. इंदापूर ते झाराप रस्ता तुकड्या-तुकड्यांनी वाटला होता. हॅम आणि ईपीसी हे कंत्राटाचे दोन प्रकार. हॅममध्ये सरकार ४० टक्के रक्कम बांधताना देतं, उरलेली ६० टक्के नंतर वर्षानुवर्षे हप्त्यांनी. तेवढी वर्षं देखभाल त्याच कंपनीच्या गळ्यात असते. ईपीसीत सगळे पैसे सरकारचे, पण दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत निघालेले दोष कंत्राटदारानेच दुरुस्त करायचे. म्हणजे 'आमचं काम संपलं' हे कागद बघितल्याशिवाय ऐकून घ्यायचं नाही.
माझा मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय. तो म्हणतो, रस्ता सरकारी की खासगी हे लोक विचारतात, पण हप्ता कापायची सही कोणाची हे कोणी विचारत नाही. देखभालीत हयगय झाली की पैसे कापायचं कलम करारात असतं. ते वापरणारा इंजिनियर हवा.

जांभाचिरा
आणि तो इंजिनियर सरकारी. झालं!

वहाळापलीकडे
मग कंपनीची तपासणी कंपनीनेच करायची का? मांजराकडे दुधाची राखण.

गजालीकार
ह्यां सगळां बरां. पण मोरीतली माती कोण काढतलो? चार खोरी घेवन वाडीतले पोरगे लावा, दोन तासाचां काम.

कातळकर
काढली होती. पाईप भरावाच्या आतच चेपलाय, खोरं पोचत नाही.

गजालीकार
मग मोरी नाय, रस्तोच खणूक व्हयो.

परळकर
अवांतर : गणपतीला वाकणमार्गे यावं की कोल्हापूरवरून आंबा घाटाने? सोबत आई आहे, तिला गाडी लागते.

वहाळापलीकडे
आंबा घाटात गाडी जास्तच लागेल. सरळ रेल्वेने या.

पागोळी
कातळकर, नुसतं 'गावाजवळ' लिहू नका. जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा, भर पावसातला व्हिडिओ आणि जुन्या मोरीची जागा दाखवणारा नकाशा जोडा. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून त्या टप्प्याचा करार, देखभालीची मुदत आणि मोऱ्यांचे तपासणी अहवाल मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तलाठ्याकडून कुणग्याचा पंचनामा आजच करून घ्या, माती सुकल्यावर कोणी येत नाही.

कातळकर
तळ्याकाठी कामाचा फलक सापडला. उताणा पडलाय, वर टाकळा वाढलाय. 'देखभाल कालावधी' वाचता येतंय, पुढचा आकडा गंजून गेलाय.
सही नाही केली. सरपंचांना म्हटलं, ठरावात 'खासगीला द्या'च्या जागी 'करार ग्रामपंचायतीला दाखवा आणि मोरी उघडा' घाला. ते म्हणाले टाईप करून आण.
मराठी टायपिंग येणारं कोणी लांज्यात आहे का?

फास्टॅग_पीडित
मोबाईलवर बोलून टाईप होतं. फक्त 'मोरी'चं 'मोदी' होतं, तेवढं तपासा.