मदत हवी आहे: ताजी बिअर पुण्याहून कोल्हापूरला कशी न्यायची?

मंडळी, डिसेंबरात आमची शाळेची गँग कोल्हापूरला जमते आणि वर्षभरात आवडलेल्या क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींनी बनवलेल्या) सगळ्यांना पाजायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण बाकीचे अजून बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलंय का तेवढंच बघतात. माझा ह्या वर्षीचा एक नंबर म्हणजे डूलाली ह्या ब्रुअरीची हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. डूलाली पुण्यात 2009 ला सुरू झाली, तरी आजही गढूळ पिवळा ग्लास समोर आला की आधी केळ्याचा आणि मागनं लवंगेचा वास येतो, आणि गंमत म्हणजे त्यात केळंही नसतं नि लवंगही, सगळी करामत बिअर आंबवणाऱ्या यीस्टची! दोन नंबर टॉइट ह्या ब्रुअरीची बासमती ब्लाँड, हलकी आणि स्वच्छ, पांढऱ्या रश्शावर भारी जाईल असं मला वाटतं (तांबड्यावर नको, तिखटात तिची चवच कळणार नाही). गोव्याची एट फिंगर एडी आयपीए (कडवट, हॉप्स जास्त असलेली बिअर) पॅकबंद मिळते, तिचं टेन्शन नाही.

अडचण पहिल्या दोघींची. ताजी बिअर पाश्चराइज केलेली (टिकण्यासाठी तापवलेली) नसते, त्यात चार-पाच तासांचा प्रवास. ग्राउलर (ताजी बिअर भरून न्यायची मोठी बाटली) बर्फाच्या पेटीत उभा ठेवून नेला तर गॅस टिकेल का? न उघडता किती दिवस चालतो? दारूच्या परवान्याचा नियम नक्की काय, आणि तो सोबत लागतो का? शिवाय स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर) कोणाची घ्यावी, तेही सांगा. प्लीज अनुभव असलेल्यांनीच बोला.