'आय हॅव अ डाउट' म्हणावं की नाही?

पाटीपेन्सिल: भाचा अमेरिकेत नोकरीला लागलाय. मीटिंगमध्ये साहेबिणीला म्हणाला, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन.' त्याला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती. बाईंचा चेहराच पडला. मग डिझाइन कसं बरोबर आहे तेच सांगत बसल्या. आता मला विचारतो, मामी, डाउट म्हणजे शंकाच ना?

खडूफळा: शंकाच, पण आपली शंका दोन्हीकडे चालते. 'सर, एक शंका आहे' म्हणजे कळलं नाही, परत सांगा. 'त्याच्या हेतूबद्दल शंका आहे' म्हणजे विश्वास नाही. तिकडे डाउट म्हटलं की हा दुसरा अर्थच आधी डोक्यात येतो. क्वेश्चन म्हणावं. मी तर वहीत लाल शाईने खोडते.

रिकामटेकडा: खोडता कशाला? क्लासवाल्यांच्या 'डाउट सेशन'ला क्वेश्चन सेशन म्हटलं तर पोरं पेपर आहे समजून दांडी मारतील! भारतात सगळ्यांना कळतं, म्हणजे ते बरोबरच.

मांडवीकाठ: पोर्तुगीजमध्ये 'तेन्यु उमा दूव्हिदा' म्हणजे सरळ 'एक विचारायचंय'. स्पॅनिशमधली दूदा तशीच. सगळ्यांचं मूळ लॅटिन दुबितारे. डाउटमधला मुका बी त्याच लॅटिनच्या प्रेमापोटी पंडितांनी मागाहून घुसडला, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच.

खडूफळा: असेल हो. साहेबीण पोर्तुगीज नाही ना?

धुकेकर: स्कॉटलंडात आणखी गंमत. 'आय डाउट इट्ल रेन' म्हणजे पाऊस पडणार असं दिसतंय! आमची घरमालकीण असं म्हणायची आणि छत्री घेऊन निघायची.

घनपाठी: मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्रात, अधिकरणाची, म्हणजे एकेका मुद्द्याच्या चर्चेची, पाच अंगं: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत, संगती. संशयाशिवाय चर्चाच उभी राहत नाही. तो मांडणं हा अपमान कसा? मुलाचं काही चुकलेलं नाही.

रिकामटेकडा: हे तिकडे मीटिंगमध्ये सांगायला तुम्हीच जा.

पाटीपेन्सिल: अहो, त्याला उद्या त्यांना मेल लिहायचाय…

ओसरी: थांबा जरा. लघुशंकेत शंका कुठून आली? आजोबा म्हणत, सोवळं मोडलं की काय ही शंका, म्हणून जानवं कानावर.

घनपाठी: काहीतरीच! संस्कृतात शंका म्हणजे धास्तीसुद्धा. आता आवरेल की नाही, ही धास्ती.

ओसरी: मग दीर्घशंकेचं काय? तिथे तर खात्रीच असते.