‘ग्रेव्ह’ बग ‘नॉर्मल’ करून बंद केला. डेबियनमध्ये दाद कुठे मागायची?

कोरा_टर्मिनल:
डेबियन १२ या लिनक्स सिस्टमवर लिबरऑफिस उघडल्या उघडल्या बंद पडतं, म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या मुलांनी ‘ग्रेव्ह’ (गंभीर) दर्जाचा बग नोंदवला. मेंटेनरने (डेबियनमध्ये ते पॅकेज सांभाळणाऱ्याने) ‘मोअरइन्फो’ (आणखी माहिती द्या) टॅग लावला, बग ‘नॉर्मल’वर आणला आणि काही आठवड्यांनी बंदच केला. मुलं म्हणतात हा माज आहे, वर तक्रार करू. कोणाकडे करायची? रिपोर्टच्या शेवटी एपीटीची (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमची) ही ओळ आहे: एपीटी पॉलिसी: (५००, ‘स्टेबल’), (५००, ‘ओल्डस्टेबल’).

आप्पा_रूट:
ती शेवटची ओळ वाचूनच मेंटेनरने ओळखलं असणार. सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) ‘बुकवर्म’च्या, म्हणजे १२ च्या, जोडीला कुठल्या तरी जुन्या गाइडमधली ‘स्टेबल’ची ओळ पडलीय. ९ ऑगस्ट २०२५ पासून स्टेबल म्हणजे १३, ट्रिक्सी; १२ झालं ओल्डस्टेबल. दोघांचा प्राधान्यक्रम ५००, मग एपीटी वरची आवृत्ती उचलतो. एक पॅकेज टाकलं की त्यामागून लिबसी६ (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) २.३६ वरून २.४१ वर जातं आणि बाकीचा संसार १२ चाच राहतो. असं खिचडी मशीन मेंटेनरकडे नसतं, त्यामुळे त्याला बग दिसतच नाही.

‘एपीटी पॉलिसी लिबसी६’ चालवून बघा. २.४१ आलं तर मागे उतरायच्या भानगडीत पडू नका, डाउनग्रेडला डेबियनचा सपोर्ट नाही. बॅकअप घ्या, सगळ्या ओळी ट्रिक्सीच्या करा, अपडेट, मग ‘अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, शेवटी ‘फुल-अपग्रेड’. १२ वर राहून फक्त एखादं नवं पॅकेज हवं होतं तर बॅकपोर्ट्स (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) त्याचसाठी आहेत.

पॅकेज_पाटील:
‘ग्रेव्ह’ म्हणजे आपल्याला किती त्रास झाला, ते नव्हे. क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस हे तिन्ही रिलीज अडवतात. असा बग लटकत राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून (पुढच्या रिलीजच्या तयारीतून) आपोआप काढलं जाऊ शकतं. एका लॅबच्या सेटिंगपायी लिबरऑफिसवर ती वेळ कोण येऊ देईल? उतरवणं बरोबरच. कारणाची एक ओळ लिहायला हवी होती, हेही खरं.

कोरा_टर्मिनल:
पण मोअरइन्फोला उत्तर दिलं होतं की!

आप्पा_रूट:
काय दिलं? ‘अजूनही चालत नाही’ एवढंच असेल तर ते उत्तर नाही. डीबग सिंबॉल्स टाकून काढलेला बॅकट्रेस (क्रॅश होताना प्रोग्रॅम कुठे होता त्याची नोंद) हवा, तोही शुद्ध १२ किंवा शुद्ध १३ वरचा. तिथेही पडलं तर बग रीओपन करा, ते कोणीही करू शकतं. बंद होऊन २८ दिवस त्यावर हालचाल नसेल तर तो अर्काइव्ह झालेला असतो, आधी अनअर्काइव्ह करावा लागतो. मेंटेनरने पुन्हा बंद केला तर पुन्हा उघडत बसू नका, त्या खेळात बग हमखास मरतो.

पॅकेज_पाटील:
दाद म्हणाल तर टेक्निकल कमिटी आहे. पण मेंटेनरचा निर्णय फिरवायला तिला ३:१ बहुमत लागतं, आणि कोणालाही काम करायला लावता येत नाही हे डेबियनच्या घटनेतच लिहिलंय. भाषा शिवराळ असेल तर कम्युनिटी टीम. ‘मोअरइन्फो’ ही शिवी नाही.