आतड्याचा कॅन्सर: रक्तातले ग्रोथ फॅक्टर तपासून घ्यावेत का? सल्ला हवा

मुक्ता_क
नमस्कार. बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. तिसरी स्टेज, केमो सुरू व्हायची आहे. डॉक्टरांनी रक्ताची सीईए (आजार परत येतोय का यावर नजर ठेवायची तपासणी) सांगितली आहे. पण ओळखीच्या एकांचा आग्रह आहे की व्हीईजीएफ, ईजीएफ, आयजीएफ-१ हे ग्रोथ फॅक्टर (पेशी किंवा रक्तवाहिन्या वाढवणारी रक्तातली प्रथिनं) पण मोजून घ्या, आजार उलटणार का ते आधीच कळतं. करावं का? आमच्याकडून काही राहून जायला नको, एवढंच वाटतं.

जुना_लॅबवाला
मुक्ताताई, उपचार ठरवायला म्हणून करू नका. माझं आयुष्य लॅबमध्ये गेलं, म्हणून नळीपासूनच सांगतो.

साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वरचं सीरम घेतात. गोठताना प्लेटलेट्स आपल्यात साठवलेलं व्हीईजीएफ बाहेर सोडतात. त्याच माणसाचं, त्याच वेळचं रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेऊन प्लाझ्मा (वरचा पातळ भाग) वेगळा केला, तर आकडा बराच कमी येतो. नळी किती वेळ तशीच राहिली, सेंट्रिफ्यूज किती वेगाने फिरवला, यानेही फरक पडतो. ईजीएफचंही तेच.

आता बाबांचा विचार करा. ऑपरेशननंतर जखम भरताना व्हीईजीएफ काही आठवडे वाढलेलंच असतं. पुढे केमोने प्लेटलेट्स उतरल्या की सीरममधला आकडाही उतरेल. दोन्हींचा अर्थ कॅन्सरशी लावला तर फसगत होईल. आयजीएफ-१ तर वय, खाणं आणि लिव्हरप्रमाणे बदलतं.

मुक्ता_क
काका, मग बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध व्हीईजीएफवरच काम करतं ना? ते न मोजता कसं देतात?

ऑन्को_सिस्टर
अगदी रास्त प्रश्न आहे. हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते पसरलेल्या आजारासाठी. तेव्हापासून रक्तातलं व्हीईजीएफ पुष्कळ अभ्यासांत मोजलं गेलं. आकडा जास्त असलेल्यांचा आजार बहुधा जड जातो असं दिसतं, पण औषध कोणाला लागू पडेल हे त्यावरून ओळखता येत नाही. शिवाय औषध सुरू झालं की एकूण व्हीईजीएफ उलट वाढलेलं दिसतं, कारण औषधाला चिकटलेलं व्हीईजीएफ रक्तात जास्त काळ टिकतं.

आणि तिसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतर केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब देऊन पाहिलंय, फायदा झाला नाही. म्हणजे आकडा काहीही आला तरी बाबांची केमो बदलणार नाही.

त्यापेक्षा पॅथॉलॉजी रिपोर्ट बाहेर काढा आणि त्यात एमएमआर किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींत डीएनएची दुरुस्ती नीट होते का, ते दाखवणारी तपासणी) लिहिलंय का बघा. ते फार महत्त्वाचं. त्यात दोष निघाला तर आजार आनुवंशिक आहे का हे तपासावं लागतं, आणि तसा असेल तर तुमची आणि भावंडांची कोलोनोस्कोपीही लवकर सुरू करावी लागते.

समीर७
रक्तातला ट्यूमर डीएनए (गाठीतून रक्तात आलेला डीएनए) पण तपासतात म्हणे, त्याचं काय?

ऑन्को_सिस्टर
हो, ग्रोथ फॅक्टरपेक्षा त्यात खूप जास्त दम आहे. ऑपरेशननंतर तो सापडत राहिला तर आजार उलटण्याचा धोका बराच असतो. दुसऱ्या स्टेजमध्ये त्याच्या आधारे केमो कोणाला द्यायची हे ठरवण्याचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात केमो कमी जणांना द्यावी लागली आणि आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण बाबांची तिसरी स्टेज आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून केमो टाळायची नाही.

जुना_लॅबवाला
सीईएबद्दल राहिलं. साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षं होते. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. बाबा सिगरेट ओढत असतील तर थोडी जास्त येऊ शकते. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना कधीकधी तात्पुरती चढते आणि नंतर उतरते, तेव्हा एका आकड्यावरून रात्र जागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, कुठे संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला तर बाबांची तयारी असेल तर जरूर द्या. ग्रोथ फॅक्टरचं कोडं अशाच नमुन्यांतून सुटणार आहे.

मुक्ता_क
मनापासून आभार. रिपोर्ट पाहिला, एमएमआरचा उल्लेख नाही. परत बायोप्सी करावी लागेल का?

ऑन्को_सिस्टर
नाही. काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो, त्याच्यावरच होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा, "ब्लॉकवर एमएमआर करून घ्यायचं का?"